भारताचा महिला फुटबॉल संघ: कोल्हापूरच्या मैदानावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी साडेपाचला पोरी मैदानावर येतात. त्यांच्याबरोबर आई येते, आजोबा येतात, कधी पेठेतला एखादा जुना खेळाडू हात मागं बांधून रेषेबाहेर उभा राहतो. सराव सुरू झाला की या मंडळींचे प्रश्न सुरू होतात. मी मुलींना फुटबॉल शिकवते, आणि दरवर्षी नव्या पालकांकडून तेच प्रश्न ऐकते, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. मी काही इतिहासाची प्राध्यापक नव्हे. जिथं राग आलाय तिथं तो लपवलेला नाही.

बायकांचा भारतीय संघ आहे तरी कधीपासून? चार-पाच वर्षांतलाच ना?

नाही हो. १९७५ पासूनची गोष्ट आहे. त्या वर्षी महिलांच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र भारतीय महासंघ निघाला. पुरुषांचा फुटबॉल चालवणारा अखिल भारतीय फुटबॉल महासंघ वेगळा आणि हा वेगळा. आशियातही तसंच होतं. महिलांची वेगळी आशियाई संघटना होती आणि तिची पहिली स्पर्धा त्याच वर्षी हाँगकाँगला झाली. फिफाचा पहिला महिला विश्वचषक चीनमध्ये झाला तो १९९१ ला, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. फिफानं बोलावणं धाडायच्या कितीतरी आधी आपल्या पोरी मैदानात उतरल्या होत्या.

‘भारत आशियात दुसरा आला होता’ असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. खरं की थाप?

खरं आहे, आणि एकदा नाही, दोनदा. जानेवारी १९८० मध्ये ही आशियाई स्पर्धा आपल्याकडंच, केरळातल्या कोझिकोडला झाली. भारत अंतिम सामन्यात पोचला आणि चायनीज तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून, ०-२ हरला. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसरा क्रमांक. १९८३ ला थायलंडमध्ये पुन्हा उपविजेते. तिथं फायनलला यजमान थायलंडनंच अडवलं. त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी तो मिळवणारी ती पहिली महिला. तिच्याच पिढीतली कुंतला घोष दस्तीदार, आणि गोव्याची योलांडा डिसूझा. ही नावं मी मुद्दाम पोरींकडून पाठ करून घेते.

१९८३ म्हटलं की आपल्याला लॉर्ड्सची गॅलरी आणि कपिल देवच्या हातातला कप दिसतो. त्याच वर्षी एक भारतीय संघ आशियाची फायनल खेळला होता, हे आमच्या घरी कुणाला ठाऊक नव्हतं. माझे वडील फुटबॉलवेडे. त्यांनाही नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तेव्हा या स्पर्धेला संघ थोडे असायचे आणि चीन अजून आलेला नव्हता. तरी दुसरा तो दुसराच.

मग आपण घसरलो कुठं?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, बाकावर बसून घ्या.

हरत हरत खाली आलो असं झालेलं नाही. खेळायलाच मिळालं नाही. तुम्ही कोल्हापूरची माणसं, तुम्हाला कुस्तीतलं सांगते. पैलवान तालमीत पहाटे उठून हजार जोर मारेल, हजार बैठका काढेल, बदाम-दूध रिचवेल. पण मैदानात त्याची कुस्तीच लागली नाही तर तो पैलवान राहतो का? तोलामोलाची जोड मिळावी लागते. खासबागेत उतरल्याशिवाय अंगात किती ताकद आहे ते कळत नाही. आमच्या संघाला ही जोडच मिळाली नाही, तीही वर्षानुवर्षं.

१९८३ नंतर भारत आशियाई स्पर्धेत पुन्हा दिसतो तो थेट १९९५ ला, मलेशियात. मधल्या बारा वर्षांत काय झालं बघा. चीन १९८६ ला पहिल्यांदा आला आणि पहिल्याच फटक्यात जिंकला. तिथून १९९९ पर्यंत ओळीनं सात वेळा तोच विजेता. जपान, कोरिया उभे राहिले. सगळ्यांनी एकमेकांशी खेळून खेळून हाडं मजबूत केली. आपल्याकडं तेव्हा महिलांचा महासंघ एका बाजूला आणि पुरुषांचा दुसऱ्या बाजूला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं. नव्वदीच्या सुरुवातीला कारभार एकदाचा अखिल भारतीय महासंघाकडं आला, पण तोवर गाडी पुढं गेली होती.

ती किती पुढं गेली होती, ते ११ डिसेंबर १९९८ ला कळलं. बँकॉकच्या आशियाई खेळांत चीननं भारताला १६-० नं हरवलं. आजवरचा आपला सगळ्यांत मोठा पराभव. लोक हा आकडा सांगून हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. वर्षातनं दोन-चार मॅच खेळणारा संघ जगातल्या सर्वोत्तम संघांपैकी एकासमोर उभा केला, तर आणि काय होणार?

पुढं २००३ नंतर आशियाई स्पर्धेची मुख्य फेरीही बंद झाली. आणि २००९ ला तर कमालच. फिफानं भारताचं नाव जागतिक क्रमवारीतनं काढून टाकलं. कारण? दीड वर्षाहून जास्त काळ संघानं एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. परीक्षेला बसून नापास झालेली पोरगी वेगळी, आणि वर्षभर शाळेत न पाठवल्यामुळं हजेरीपटावरनं नाव कमी झालेली पोरगी वेगळी. आमचा संघ त्या दुसऱ्या पोरीसारखा.

बेमबेम देवी कोण? तुमच्या पोरी तिचं नाव सारखं घेतात.

ओइनाम बेमबेम देवी, इम्फाळची. लहानपणी मुलांच्यात खेळायला घेत नाहीत म्हणून स्वतःचं नाव ‘बोबो’ सांगून, मुलगा असल्याचं भासवून खेळायची. १९९५ च्या त्या आशियाई स्पर्धेत पंधराव्या वर्षी भारताकडून उतरली आणि २०१६ ला शिलाँगमध्ये दक्षिण आशियाई खेळांचं सुवर्ण घेऊन थांबली. म्हणजे मी वर ज्या कोरड्या वर्षांबद्दल लिहिलं, ती बहुतेक सगळी तिनं मिडफिल्डमध्ये उभं राहून काढली. मॅच नसताना फिटनेस टिकवणं किती अवघड असतं, ते खेळलेल्या माणसालाच कळतं. अर्जुन पुरस्कार मिळायला २०१७ साल उजाडलं, म्हणजे निवृत्तीनंतर. २०२० ला पद्मश्री मिळाली, तीही महिला फुटबॉलपटूला पहिल्यांदाच.

आमच्यातल्या एका पोरीनं केस बारीक कापले आणि आता मला बोबो म्हणा म्हणून हटून बसली होती. तिच्या आजीनं मला येऊन जाब विचारला.

संघात सगळ्या मणिपूरच्याच कशा काय असतात?

सगळ्या नसतात, पण पुष्कळ असतात. राष्ट्रीय महिला स्पर्धा मणिपूरनं वीसहून अधिक वेळा जिंकलीय. तिथं वस्तीवस्तीत क्लब आहेत आणि त्या क्लबांत पोरी पहिल्यापासून आहेत. आपल्या पेठांत फुटबॉलचे संघ चालवणाऱ्या तालमी आहेत ना, तसंच. फरक एवढाच, की आपल्या तालमीच्या दारात पोरगी थबकते.

आता एक गंमत. ही राष्ट्रीय स्पर्धा ज्या करंडकासाठी खेळतात, त्याचं नाव काय माहितीय? राजमाता जिजाबाई करंडक. नाव आमच्या आऊसाहेबांचं आणि करंडक वर्षानुवर्षं इम्फाळला. त्यांनी तो मैदानात कमावलाय, तक्रार नाही. पण हे ऐकून पालकांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघायला मला आवडतं.

बाकी हरियाणातलं अलखपुरा नावाचं एक खेडं आहे भिवानी जिल्ह्यात, तिथनं पोरींची रांग लागलीय. तामिळनाडू, ओडिशा, झारखंड, बंगाल, पंजाब, सगळीकडनं मुली येतात.

पण ‘साफ’ स्पर्धा आपणच जिंकतो ना कायम?

जिंकत होतो. ‘साफ’ म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा. २०१० ला बांगलादेशात कॉक्स बाजारला पहिली स्पर्धा झाली. तिथं भूतानला १८-० हरवलं, तो आपला सगळ्यांत मोठा विजय. मग २०१२ कोलंबो, २०१४ इस्लामाबाद, २०१६ सिलिगुडी, २०१९ नेपाळातलं बिराटनगर. पाचच्या पाच विजेतेपदं आपली, आणि एकही सामना हरलेलो नाही.

सप्टेंबर २०२२ ला काठमांडूत बांगलादेशनं आपल्याला ३-० हरवलं. उपांत्य फेरीत नेपाळकडूनही हरलो. २०२४ ला पुन्हा काठमांडू, पुन्हा नेपाळ, या वेळी टायब्रेकरवर. दोन्ही वेळा कप बांगलादेशला. त्यांनी लहान वयोगटातल्या पोरी एकत्र ठेवल्या, सतत खेळवल्या. जोड लागली की काय होतं, त्याचं उत्तर शेजारीच मिळालं.

२०२२ ला आशिया कप आपल्या महाराष्ट्रात होता म्हणे. मग आम्हाला कसं कळलं नाही?

होता. आशिया कप म्हणजे वर सांगितलेली तीच आशियाई स्पर्धा. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरी आणि पुण्याची बालेवाडी. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश. १९ वर्षांनी आपण मुख्य स्पर्धेत. स्वीडनला २०११ च्या विश्वचषकात तिसरं स्थान मिळवून देणारे थॉमस डेनर्बी आपले कोच. आधी नोव्हेंबर २०२१ मध्ये संघ ब्राझीलला जाऊन आला होता. मनौसला ६-१ हरलो, पण तो एक गोल मनीषा कल्याणनं ब्राझीलला ब्राझीलमध्ये मारला होता. तयारी म्हणतात ती ही.

२० जानेवारीला पहिला सामना इराणशी, ०-० बरोबरी. २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी गाठ. होय, १९८० च्या फायनलवालेच. आणि त्या दिवशी संघात कोविडचे इतके रुग्ण निघाले, की तेरा खेळाडूसुद्धा उभे करता येईनात. नियमानुसार भारत स्पर्धेतनं बाद. इराणबरोबरचा सामनाही हिशोबातनं पुसला गेला. म्हणजे कागदावर आपण त्या स्पर्धेत खेळलोच नाही.

मी तो सामना बघायला पोरींना घरी बोलावलं होतं. पोहे केले होते. टीव्हीवर बातमी आली आणि कुणी काही बोललं नाही. पोहे तेवढे संपले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक झालं. महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप होतोय म्हणून फिफानं भारताला निलंबित केलं. ते दोन आठवड्यांच्या आत उठलं, पण गोकुलम केरळ या क्लबच्या पोरी तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. न खेळता परत आल्या. मांडव घातला, वऱ्हाड आलं आणि लग्नच मोडलं.

आणि तो सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक?

ऑक्टोबर २०२२. तो भारतात झाला. आपण अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरलो. फायनलला स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. यावर जास्त बोलत नाही. पोरी पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या.

थायलंडला हरवलं म्हणून तुम्ही साखर वाटली होती. त्यात एवढं काय?

त्यात सगळं आलं.

२०२६ च्या आशिया कपची पात्रता फेरी २०२५ च्या जून-जुलैत थायलंडच्या चिआंग माईला झाली. गटातनं फक्त पहिला संघ जाणार. आपण मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-० हरवलं. थायलंडही सगळे जिंकत आलेलं. म्हणजे ५ जुलैचा शेवटचा सामना म्हणजे फायनलच. समोर यजमान, क्रमवारीत ४६ वा, २०१५ आणि २०१९ चे दोन विश्वचषक खेळलेला संघ. आपण ७० वे.

संगीता बासफोर, बंगालमधल्या कल्याणीची. मिडफिल्डर. पहिल्या हाफमध्ये लांबून मारलेला तिचा फटका जाळ्यात. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला थायलंडनं बरोबरी केली. आता बहुतेक आपण पाय ओढणार, बचावात बसणार, असं मला वाटलं. मी खेळवणारी बाई, माझाच विश्वास ढळला होता, हे कबूल करते. ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीता. २-१.

पात्रता फेरी जिंकून आशिया कपमध्ये जायची ही भारताची पहिलीच वेळ. १९८० च्या दशकात पात्रता फेरी नव्हतीच आणि २०२२ ला यजमानपणाची पुण्याई होती. या वेळी तिकीट स्वतःच्या पायानं काढलं. आणि १९८३ ची फायनल ज्या थायलंडनं त्यांच्या घरात घेतली होती, त्यांच्याच घरात जाऊन. मार्च २०२६ ची ऑस्ट्रेलियातली स्पर्धा, गटात जपान, व्हिएतनाम आणि परत एकदा चायनीज तैपेई. साखर वाटली ती त्यासाठी. पेढे परवडत नव्हते.

भारत महिला विश्वचषक खेळलाय का कधी?

नाही.

परदेशात कुणी खेळतं का?

खेळतात. गोलकीपर अदिती चौहान २०१५ ला लंडनच्या वेस्ट हॅमकडून खेळली. मणिपूरची बाला देवी २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्सकडं गेली. भारताकडून सर्वाधिक गोल तिचेच, पन्नासहून जास्त. पंजाबची मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून २०२२ ला युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. तिथं खेळणारी ती पहिली भारतीय.

आमच्या कोल्हापूरचं कुणी आहे का या सगळ्यात?

हा प्रश्न विचारताना आवाज जरा वर चढतो, ते स्वाभाविक आहे. गल्लीगल्लीत ब्राझील-अर्जेंटिना रंगवणारं आपलं गाव. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब… आपल्या पेठांतल्या संघांची नुसती नावं घेतली तरी शाहू स्टेडियममधला कालवा ऐकू येतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपलाच.

मुलींचं म्हणाल, तर गडहिंग्लज तालुक्यातली अंजू तुरंबेकर. शेतकऱ्याच्या घरातनं निघून ती महाराष्ट्राकडून खेळली, प्रशिक्षक झाली आणि अखिल भारतीय महासंघात तळागाळातल्या फुटबॉलची प्रमुख झाली. लहान मुलांना कसं खेळवायचं, हे देशभरच्या प्रशिक्षकांना शिकवणारी बाई आपल्या जिल्ह्याची आहे.

२०१७ ला देशात महिलांची लीग सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेर दुसऱ्या हंगामाची पात्रता फेरी कुठं झाली? आपल्या राजर्षी शाहू स्टेडियमवर. २०१९-२० च्या हंगामात एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ मुख्य फेरीत खेळला. तरी कट्ट्यावर मला विचारतात, ‘मॅडम, पोरी खेळत्यात व्हय फुटबॉल?’

तालमींचे मुलींचे संघ का नाहीत?

मला विचाराल तर ईर्षा नाही म्हणून. पोरांच्या फुटबॉलला पेठेची ईर्षा आहे. हरलं तर चार दिवस गल्लीत तोंड दाखवता येत नाही. त्या ईर्षेची दुसरी बाजूही आहे. दंगा होतो, पोलीस येतात, हंगाम बंद पडतो. ती नको. पण पेठेतल्या पोरींची मॅच हरली तर वाईट वाटणारी चार माणसं तरी पाहिजेत की नकोत? आम्ही एकदा मैदान मागायला गेलो तर ‘पोरांचं झाल्यावर घ्या’ म्हणाले. पोरांचं झालं तेव्हा अंधार पडला होता.

याच गावानं तेजस्विनी सावंतला २०१० ला नेमबाजीत जगज्जेती झालेली बघितलंय. अनुजा पाटील भारताकडून क्रिकेट खेळली. त्यामुळं पोरींना खेळ जमत नाही, हे कोल्हापुरात तरी कुणी बोलू नये.

मुलींचा बॉल लहान असतो का? वेळ कमी असतो का?

नाही. तोच पाच नंबरचा बॉल, तोच ७.३२ मीटर रुंद गोलपोस्ट, तीच ९० मिनिटं. १९९१ च्या पहिल्या विश्वचषकात मात्र सामने ८० मिनिटांचे ठेवले होते. बायका दमतील म्हणे. त्यांनी कुणी शेतावरची बाई बघितली नसावी.

खेळून नोकरी लागते का?

सरळ विचारता ते बरं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला कोणत्या स्तरावर खेळलात आणि काय जिंकलात याच्या अटी आहेत. प्रमाणपत्रं जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका. मणिपूर पोलीस, ओडिशा पोलीस, सशस्त्र सीमा बल यांचे महिला संघ आहेत आणि राष्ट्रीय संघातल्या अनेक जणी त्या नोकरीवर घर चालवतात. सगळ्यांना लागेल असं मी सांगणार नाही.

पोरीला कधी आणू, आणि काय काय घ्यावं लागेल?

सात-आठ वर्षांची असली तरी चालेल, चौदाची असली तरी चालेल. पहिल्या महिन्यात काही घेऊ नका. जुने कॅनव्हासचे बूट पुरतात. टिकली तर मग स्टड, म्हणजे तळाला बोंडं असलेले फुटबॉलचे बूट, आणि नडगीला लावायचं शिनगार्ड. स्टड एक नंबर मोठे घेऊ नका, वाढत्या अंगाचे म्हणून. पायाला फोड येतात. पाण्याची बाटली आणि केस बांधायला दोन रबर. पाळीच्या दिवसांत यायचं की नाही ते पोरीला ठरवू द्या, मला चिठ्ठी नको.

आणि एक काम तुमच्याकडं आहे. येत्या रविवारी सकाळी सात ते नऊ मैदान मिळालंय. आमचा चौदा वर्षांखालचा संघ तयार आहे, समोरचा अजून मिळालेला नाही. तुमच्या ओळखीत, इचलकरंजी, गडहिंग्लज, कागल, कुठंही, एखाद्या शाळेत अकरा पोरी असतील तर कळवा. नऊ असल्या तरी चालतील, आम्ही दोन देऊ.